मान डोलावण्याची सवय

नंदीबैल दारी आला की पोरंबाळं गोळा होतात. नंदीवाला गुबुगुबु वाजवतो आणि विचारतो, "पाऊस पडेल का?" नंदी मान हलवतो. "पोरीचं लगीन जमेल का?" नंदी पुन्हा मान हलवतो. आपण हसतो आणि सुपातले दाणे घालतो. नंदीला पावसाचे काय कळणार? लहान असतानाच त्याला मान हलवायला शिकवलेले असते.

काही माणसांचेही असेच होते.

आमच्या ओळखीचा एक गडी आहे. वय चाळिशीचे. गाव त्याला देवमाणूस म्हणते. एका वर्षी मृगाचा पाऊस झाला, वाफसा आला, आणि त्याच सकाळी शेजारी बैल मागायला आला. याने देऊन टाकले. याची स्वतःची पेरणी मागे पडली. पुढे एकाने सोसायटीच्या कर्जाला जामीन राहा म्हटले. याने सही केली. त्या माणसाने हप्ते थकवले आणि नोटीस याच्या घरी आली. कायदा असा आहे की, कर्जदाराइतकाच जामीनदारही कर्जाला बांधलेला असतो. बायको म्हणाली, "अहो, नाही म्हणायला तुमचं काय जात होतं?" तो म्हणाला, "तोंडातून शब्दच फुटत नाही गं."

हा गडी भित्रा नाही. विहिरीत उतरून साप बाहेर काढणारा माणूस आहे. मग एका शब्दापाशीच त्याची जीभ का अडते?

त्याचा बाप दारू पीत असे. रात्री बोळात वहाणांचा आवाज आला की, आजची रात्र कशी जाणार हे पोराला आवाजावरूनच कळे. मग तो आधीच तांब्या भरून ठेवी. बापाचे पाय चेपी. चूक नसली तरी "चुकलो" म्हणे. कधी कधी त्यामुळे मार चुके. आईचाही चुके. सात वर्षांच्या पोराजवळ दुसरे हत्यार कोणते होते? त्याने जे केले ते शहाणपणाचेच होते, असे आम्ही म्हणू.

संकट आले की अंगात आपोआप बदल होतात. छाती धडधडते, श्वास वाढतो, हातपाय गार पडतात. जनावर लढते किंवा पळते. अमेरिकेतील वॉल्टर कॅनन या शास्त्रज्ञाने 1915 साली हे लिहून ठेवले. ससा कधी कधी झुडपाखाली दगडासारखा बसून राहतो. ही तिसरी रीत झाली. चौथी रीत आपण कुत्र्यात पाहतो. मोठे कुत्रे गुरगुरले की लहान कुत्रे शेपूट घालून उताणे पडते. माणसातही ही रीत असते, असे पीट वॉकर या अमेरिकन उपचारकाने दाखवून दिले. जो मारतो त्यालाच खूष ठेवायचे, म्हणजे जीव वाचतो.

पुढे बाप मरतो, पोर मोठे होते, पण अंगाला ते कळत नाही. कोणी जरा आवाज चढवला की आतले सात वर्षांचे पोर जागे होते आणि "हो" म्हणून मोकळे होते.

मदत करणारा प्रत्येक जण असाच असतो, असे मात्र समजू नका. इर्जिकीला जाणे, अडल्यानडल्याला पायली दोन पायली देणे, ही गावाची रीतच आहे. खूण एकच. मदत करून मन भरले, तर ती माया. मदत करताना पोटात गोळा आला आणि मागून रात्रभर चिडचिड झाली, तर ते भय.

आपण साक्षर झालो. आता अंगठ्याऐवजी सही मागायला लोक येतील. म्हणून हे नीट समजून घ्यावे.

यावर उपाय आहे. तो बोलण्याचा उपाय आहे. मानसोपचार म्हणजे वेडाचा इलाज, असा आपल्याकडे समज आहे. तो खोटा आहे. आमचा गडी जिल्ह्याच्या ठिकाणी समुपदेशक बाईंकडे जाऊ लागला. पहिल्या दोन खेपा तो त्यांनाही खूष करत बसला! "तुमच्या बोलण्यानं लई बरं वाटलं बाई," असे म्हणे. बाईंनी ते ओळखले. हळूहळू त्या वहाणांच्या आवाजाची गोष्ट निघाली. चाळीस वर्षांचा बाप्या लहान मुलासारखा रडला. मग बाईंनी त्याला पोटातला गोळा ओळखायला शिकवले. गोळा आला की हो नाही आणि नाहीही नाही. फक्त एवढेच म्हणायचे, "उद्या सांगतो." सुरुवात चहापासून केली. नको असेल तेव्हा चहा नको म्हणायचा. याला कित्येक महिने लागले.

एक गोष्ट मात्र जपावी. ज्या बाईला घरात आजही मार बसतो, तिला "नाही म्हणायला शीक" एवढेच सांगणे धोक्याचे आहे. तिला आधी सुरक्षित जागा हवी. जीवावर बेतले तर 112 ला फोन करावा. महिलांसाठी 181 हा नंबर आहे. 2005 च्या कायद्याने तिला घरात राहण्याचा हक्क आणि संरक्षण मिळते.

मनाच्या त्रासासाठी सरकारची टेलिमानस सेवा 2022 साली सुरू झाली. तिचा नंबर 14416. पैसे पडत नाहीत, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येते. जिल्हा रुग्णालयातही चौकशी करावी. सांगितलेले गुप्त ठेवण्याचे बंधन 2017 च्या कायद्याने उपचार करणाऱ्यांवर घातले आहे.

यंदा वाफसा आला तेव्हा शेजारी पुन्हा बैल मागायला आला. गडी म्हणाला, "माझी पेरणी झाली की घेऊन जा." बोलताना त्याचा हात थरथरत होता. शेजारी म्हणाला, "बरं, परवा येतो," आणि तंबाखू मळत निघून गेला.