जीमेल बंद पडलं म्हणजे मेल गेले का?

१४ डिसेंबर २०२०, सोमवार. भारतात संध्याकाळचे सव्वापाच वाजून गेले होते, आणि जीमेल, यूट्यूब, ड्राइव्ह, मीट सगळंच एकदम ठप्प झालं. करोनामुळे वर्ग आणि ऑफिसं यांच्यावरच चालली होती, त्यामुळे धास्ती साहजिकच होती. असं झालं की पहिला संशय येतो तो हॅकिंगचा. त्या दिवसाचं कारण मात्र गूगलच्या घरातलंच होतं.

आपण कोण हे तपासणारी गूगलची एक स्वतंत्र यंत्रणा आहे. तिला किती जागा द्यायची हे ठरवणारी स्वयंचलित व्यवस्था तेव्हा बदलली जात होती. जुन्या व्यवस्थेचे काही भाग मागे राहिले आणि त्यांनी या यंत्रणेचा वापर शून्य असल्याचं कळवलं. वापर शून्य, म्हणून तिची जागा कापली गेली. मग कोणाचीच ओळख पटेना. यूट्यूब लॉगिन न करता पाहणाऱ्यांना दिसत होतं. मेल सर्व्हरवर जागच्या जागी होते. पाऊण तासात काम पूर्ववत झालं.

म्हणूनच अशा वेळी पासवर्ड बदलायची धडपड व्यर्थ असते. लॉगआउट करणं किंवा ॲप काढून पुन्हा टाकणं तर नुकसानीचंच: फोनमध्ये साठलेले जे मेल वाचता आले असते, तेही हातचे जातात. आधी गूगलच्या सेवा चालू आहेत का हे दाखवणारा गूगल वर्कस्पेस स्टेटस डॅशबोर्ड पाहावा. तो लॉगिनशिवाय उघडतो.

दुसरा समज असा, की सेवा बंद असताना आपल्याला पाठवलेले मेल हरवतात. बहुतेक वेळा तसं होत नाही. समोरचा सर्व्हर उत्तर देत नसेल किंवा ४ ने सुरू होणारा एरर कोड देत असेल, तर पाठवणारा सर्व्हर तो मेल रांगेत ठेवतो आणि थोड्या थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करतो. किमान चार-पाच दिवस प्रयत्न करत राहावं, असं ईमेलचं तांत्रिक मानकच सांगतं. घाईने तोच मेल पाचदा पाठवला, तर समोरच्याला पाचही मिळतात.

पण 'बहुतेक वेळा' हे मी मुद्दाम म्हटलं. सुरुवातीला सांगितलेल्या बिघाडाच्या दुसऱ्याच दिवशी, अमेरिकेतल्या १५ डिसेंबरला, जीमेलमध्ये वेगळाच बिघाड झाला. सेटिंगच्या एका बदलात मेल स्वीकारणाऱ्या यंत्रणेकडे डोमेनचं चुकीचं नाव गेलं, आणि चालू असलेल्या पत्त्यांसाठीही ती '५५०' असं उत्तर देऊ लागली. ५५० म्हणजे असं खातंच नाही. ५ ने सुरू होणारा कोड कायमचा नकार समजला जातो, त्यामुळे पुन्हा प्रयत्न होत नाही. मेल पाठवणाऱ्याकडे परत जातो. एकगठ्ठा मेल पाठवणाऱ्या कित्येक यंत्रणा असा पत्ता यादीतूनच काढतात. आदल्या दिवशीच्या बिघाडाचा गवगवा जास्त झाला, पण माझ्या मते हा अधिक घातक होता. कारण ज्याच्यासाठी मेल होता, त्याला काही घडल्याचा पत्ताच लागत नाही. मुलाखतीचं किंवा प्रवेशाचं पत्र अपेक्षित असेल, तर बिघाड मिटल्यावर समोरच्याला फोन करून विचारणं हाच उपाय.

'एवढी मोठी कंपनी, तिच्याकडे प्रती असणारच', हेही अर्धंच खरं. फेब्रुवारी २०११ च्या अखेरीस काही जीमेल वापरणाऱ्यांना आपली पेटी रिकामी दिसली. गूगलच्या हिशेबाने ते ०.०२ टक्के होते. प्रती एकाहून अधिक डेटा सेंटरमध्ये होत्या, पण सॉफ्टवेअरमधल्या एका दोषाने त्यातल्या अनेक एकदम बाधित केल्या. मेल परत आणले ते टेपवरून, कारण टेप जाळ्यापासून तुटलेली होती. आपल्यालाही हेच करता येतं. फोनवर मेल दिसणं म्हणजे बॅकअप नव्हे. सर्व्हरवरून गेले की तिथूनही जातात. गूगल टेकआउटने अधूनमधून सगळे मेल उतरवून वेगळ्या डिस्कवर ठेवावेत. संगणकावर जीमेलची ऑफलाइन सोय असते, पण ती आधीच चालू केलेली हवी.

बंद पडल्यावर 'कस्टमर केअर नंबर' शोधणं मात्र खरोखर धोक्याचं. मोफत जीमेलला फोनवरची हेल्पलाइन नाही. अशा नंबरवर कोणी ओटीपी मागितला किंवा स्क्रीन शेअर करायला सांगितलं, तर फोन ठेवावा. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर कळवावं.

आणि जीमेलचेच दोन पत्ते ठेवणं म्हणजे पर्याय नव्हे. १४ डिसेंबरला दोन्ही एकदमच बंद पडले असते. दुसरा पत्ता दुसऱ्या कंपनीचा असावा आणि तो बँकेत, कॉलेजात आधीच दिलेला असावा. परीक्षेचं प्रवेशपत्र, विमानाचं तिकीट आदल्या दिवशीच फोनमध्ये उतरवून ठेवावं. जिथे 'गूगलने साइन इन' करून खातं उघडलं आहे, तिथे स्वतंत्र पासवर्डही लावून घ्यावा. एरवी गूगलचं दार बंद झालं की तेही बंद होतं.