साखळी तुटली, माळ राहिली

मनगटावरचा वैद्य : ९

झोप मोजणाऱ्या घड्याळांवर आज लिहीन, असं कबूल केलं होतं. ते राहू द्या. मध्येच देहूहून एक पत्र आलंय.

पत्रलेखक चाकणच्या एका कारखान्यात लाइनवर आहेत. साखर काठावर आहे म्हटल्यावर त्यांनी पावलं मोजणारं अ‍ॅप घेतलं. जनरल शिफ्ट होती तोवर रोज १०,००० पावलं, सलग ४१ दिवस. मग नाइट लागली. दिवसभर झोपून रात्री अकराला लाइनवर उभे राहिले. बारापर्यंत जेमतेम दीड हजार पावलं झाली आणि बाराच्या ठोक्याला आकडा शून्य. पहाटेपर्यंत नऊ हजार भरली, पण ती दुसऱ्या दिवसाच्या खात्यात. ‘साखळी गेली तशी दोन दिवसांनी अ‍ॅपही काढून टाकलं,’ ते लिहितात. आणि खाली एक ओळ: ‘आमची आई तीस वर्षं एकादशी धरते. तिची कशी सुटत नाही?’

या एका ओळीपायी माझा आठवडा गेला.

आधी त्या १०,०००चं सांगतो. तो आकडा कुठल्या वैद्यकीय संशोधनातून निघाला नाही. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नाव ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. नाव जिभेवर बसलं, आणि आकडाही.

साखळीचं तसंच. लंडनच्या फिलिपा लॅली यांनी ९६ जणांना एकेक नवी सवय लावायला सांगून १२ आठवडे पाहिलं. सवय अंगवळणी पडायला कोणाला १८ दिवस पुरले, कोणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. पण आपल्या कामाची गोष्ट वेगळीच: एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसं बिघडत नव्हतं. शरीर चुकलेला दिवस सोडून देतं. अ‍ॅप मात्र तो धरून बसतं.

एकादशी कुठे धरून बसते? आजारपणात सुटली तर पंधरा दिवसांनी पुढची येतेच. ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून पालखी निघते तेव्हा लेकीच्या बाळंतपणात अडकलेली बाई पुढच्या वर्षी पुन्हा आपल्या दिंडीत येऊन मिसळते. गेल्या साली खंड पडला म्हणून ती नवखी ठरत नाही.

आणि माळ! तुळशीची माळ गळ्यात पडली की ती भावकीला दिसते, कँटीनमध्ये वाढणाऱ्याला दिसते. जत्रेच्या जेवणात ‘अहो, ते माळकरी आहेत’ असं म्हणून दुसराच कोणीतरी ताट वेगळं लावतो. नेम एकाचा, राखण दहा जणांची. मोबाइलमधला नेम खिशातच राहतो. तो मोडला तरी शेजाऱ्याला पत्ता नसतो.

म्हणजे मोबाइल कुचकामी, असं नाही. डॉ. ए. रामचंद्रन यांच्या चेन्नईच्या चमूने मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३७ नोकरदार पुरुषांवर प्रयोग केला. निष्कर्ष २०१३ साली छापून आले. निम्म्यांना आहार-व्यायामाचे साधे एसएमएस जात राहिले, बाकीच्यांना सुरुवातीला सल्ला दिला तेवढाच. दोन वर्षांत एसएमएसवाल्यांपैकी १८ टक्क्यांना मधुमेह झाला, इतरांपैकी २७ टक्क्यांना. तुटेल अशी साखळी त्यात नव्हतीच. कोणीतरी अधूनमधून आठवण काढत होतं, एवढंच.

तेव्हा देहूकर, अ‍ॅप परत घ्या, पण हिशेब रोजचा नको, आठवड्याचा ठेवा. आणि इंद्रायणीच्या घाटाकडे सकाळी फिरायला जाणाऱ्या एखाद्याला सांगून ठेवा: नाइट सुटली की साडेआठला येतो, नाही दिसलो तर फोन करा.

झोपेची घड्याळं पुढच्या आठवड्यात. दिवसा झोपणाऱ्याची झोप त्यांना कळते का, हेही आता त्यात आलंच.