चार माणसं, सहा कारकिर्दी : नांदेड-लातूरचे मुख्यमंत्री लेकरांना शिकवताना

आजच्या भागाचं निमित्त एका मैत्रिणीचा फोन. ती अमेरिकेत असते आणि मुलांना घरीच शिकवते. तिच्या लेकाला वॉशिंग्टनपासून सगळे राष्ट्राध्यक्ष क्रमाने पाठ आहेत. तिने विचारलं, ‘तू तुझ्या पोरांकडून काय पाठ करून घेतेस?’

माझं उत्तर : पाठ काही नाही. आम्ही चार माणसं घेतली आणि त्यावर जवळजवळ दोन महिने काढले. माझं सासर नांदेड, माहेर लातूर. या दोन जिल्ह्यांनी महाराष्ट्राला चार मुख्यमंत्री दिले. नांदेडचे शंकरराव चव्हाण आणि त्यांचे चिरंजीव अशोक चव्हाण, लातूर जिल्ह्यातले शिवाजीराव पाटील निलंगेकर आणि विलासराव देशमुख. शंकरराव आणि विलासराव दोन-दोनदा, म्हणजे माणसं चार, कारकिर्दी सहा. अमेरिकेतही हीच गंमत आहे बरं का. ट्रम्प ४५वे आणि ४७वेही, कारण क्लीव्हलँडसारखे तेही मध्ये खंड पडून परत आले.

पण एक मोठा फरक आहे आणि तो पोरांनीच काढला. तिकडे चार वर्षं म्हणजे चार वर्षं. आपल्या सहापैकी एकही कारकीर्द सलग पाच वर्षांची नाही. धाकट्याचा प्रश्न : मग यांना घालवलं कोणी?

मी २८८ चिंचोके मोजायला लावले. विधानसभेचे आमदार तेवढे. १४५ एका बाजूला आले की बहुमत. मुख्यमंत्र्याला आपण थेट मत देत नाही, हा ढीग ज्याच्यामागे त्याला राज्यपाल शपथ देतात. मुलांना वाटलं, ढीग मोडला की माणूस जातो. पुस्तकात तसंच आहे. मग एकेकाची गोष्ट घेतली.

शंकरराव फेब्रुवारी १९७५ मध्ये वसंतराव नाईकांनंतर आले. १९७७ ला लोकसभेत काँग्रेस हरली आणि मे महिन्यात वसंतदादा पाटील मुख्यमंत्री झाले. १९८६ ला ते परत आले, १९८८ ला केंद्रात अर्थमंत्री म्हणून दिल्लीला गेले. निलंगेकर जून १९८५ ते मार्च १९८६, जेमतेम नऊ महिने. मुलीच्या एमडी परीक्षेच्या गुणांच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने ताशेरे ओढले आणि त्यांनी राजीनामा दिला. विलासरावांनी जून २००२ मध्ये विश्वासदर्शक ठराव जिंकला, आणि जानेवारी २००३ मध्ये पक्षाने त्यांच्या जागी सुशीलकुमार शिंदेंना बसवलं! दुसऱ्यांदा ते २००४ ला आले आणि २६ नोव्हेंबरच्या मुंबई हल्ल्यानंतर डिसेंबर २००८ मध्ये गेले. त्यांच्या जागी अशोकराव आले, ते २०१० ला ‘आदर्श’ प्रकरणात पायउतार झाले.

सहाही वेळा चिंचोक्यांचा ढीग जागच्या जागी होता. सभागृहात हरून कोणीच गेलं नाही. थोरली म्हणाली, ‘मग ढीग दिल्लीतून हलवतात का?’ बारा वर्षांच्या पोरीने पक्षश्रेष्ठी हा शब्द माहीत नसताना त्याचा अर्थ सांगितला, आणखी काय पाहिजे?

इथे मी थोडी अडले, कारण घरात दोन इतिहास आहेत. नांदेडचे आजोबा शंकररावांना पाणी आणणारा माणूस म्हणतात. लातूरचे आजोबा विलासरावांबद्दल एक वाकडा शब्द ऐकून घेत नाहीत. २००९ मध्ये नवं विभागीय आयुक्तालय नांदेडला करायचं ठरलं तेव्हा लातूर किती चिडलं होतं, हे दोन्ही घरांत दोन तऱ्हांनी सांगतात. मी मुलांना म्हटलं, दोघांचं ऐका, लिहून घ्या आणि प्रत्येक वाक्यापुढे खूण करा : हे तपासता येतं की नुसतं मत आहे?

तपासता येतं असं बरंच निघालं. जायकवाडीचं उद्घाटन फेब्रुवारी १९७६ चं, इंदिरा गांधींच्या हस्ते, तेव्हा मुख्यमंत्री शंकरराव. नांदेडजवळ विष्णुपुरीला गोदावरीचं पाणी अडवलंय, त्या जलाशयाला शंकर सागर म्हणतात. तिथे आम्ही एक अख्खा दिवस घालवला. विलासरावांची सुरुवात बाभळगावच्या सरपंचपदापासून झाली, आणि १९९५ ला ते लातूरमध्येच विधानसभा हरले होते. चारच वर्षांनी मुख्यमंत्री. हे ऐकून लातूरचे आजोबा जरा गप्प झाले, मग म्हणाले, ‘हरले म्हणूनच मोठे झाले.’ थोरलीने पुढे खूण केली : मत.

सगळ्यात अवघड भाग राजीनाम्यांचा. राजीनामा दिला म्हणजे चोरी केली, असं धाकट्याने परस्पर ठरवून टाकलं होतं. आरोप, ताशेरे, खटला आणि शिक्षा या चार वेगळ्या पायऱ्या आहेत, हे सांगायला आठवडा गेला. ‘आदर्श’मध्ये अशोकरावांवर खटला चालवायला राज्यपालांनी दिलेली परवानगी मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये रद्द केली, हे सांगितलं. आणि कोर्टाने परवानगी रद्द केली म्हणून प्रश्न विचारायचेच नाहीत, असंही नाही, तेही सांगितलं. आपल्या जिल्ह्याचा माणूस म्हणून यातलं काहीही गाळायचं नाही, हा माझा नियम. सासरी तो फारसा आवडलेला नाही.

घरी करून बघणार असाल तर विदर्भवाल्यांनी वसंतराव नाईक घ्या. ते सलग अकरा वर्षं टिकले. आमच्या सहा कारकिर्दींशेजारी त्यांना ठेवलं की मुलं आपणच विचारतात, त्यांचा ढीग कोणी कसा हलवला नाही? आमचा पुढचा महिना त्यातच जाणार आहे. चिंचोके मात्र नवे आणावे लागतील, अर्धे धाकट्याने भाजून खाल्ले.