पाहुणचाराची मालकी

सायकलवरून पृथ्वीपर्यटन करणाऱ्यांचे वृत्तान्त वाचण्याचा छंद मला फार वर्षांपासून जडला आहे, आणि त्या वाचनात एक गोष्ट सतत खटकत आली आहे: वाटसरूच्या धैर्याचे वर्णन पानेच्या पाने चालते, परंतु ज्याच्या चुलीवर त्याचा चहा उकळला त्या यजमानाची 'भोळा' आणि 'हसतमुख' अशा दोन विशेषणांत बोळवण होते. तिबेटी कुटुंबे तर या अन्यायाची कायमची धनी.

निकोलस व रिचर्ड क्रेन या ब्रिटिश चुलतभावांचेच उदाहरण घ्या. 1986 च्या मे महिन्याच्या आरंभी बंगालच्या उपसागराच्या काठावरून निघून, नेपाळ आणि तिबेट ओलांडून, 27 जून रोजी ते सिंक्यांगमधील अशा बिंदूवर पोहोचले की जेथून कोणताही समुद्र किमान अडीच हजार किलोमीटर दूर आहे. सामान हलके ठेवण्याच्या हट्टापायी त्यांनी दात घासण्याच्या ब्रशाच्या दांड्याही कापल्या होत्या. तंबू नाही, शिध्याचा साठा नाही, वाटेत जे मिळेल ते खायचे आणि जेथे आसरा मिळेल तेथे निजायचे, असा त्यांचा संकल्प होता. या वैराग्याचे कौतुक मीही केले आहे. तथापि असे टाकलेले वजन नाहीसे होत नाही, ते कोणाच्या तरी खात्यावर वर्ग होते, आणि ते खाते कोणाचे हे पाहण्यासाठी मला दुसऱ्याच एका पुस्तकाकडे वळावे लागले.

मेल्विन गोल्डस्टीन आणि सिंथिया बील हे दोन अमेरिकन मानवशास्त्रज्ञ त्याच 1986 साली पश्चिम तिबेटातील पाला येथील भटक्या पशुपालकांच्या काळ्या तंबूंत राहावयास गेले. क्रेन बंधूंची वाट पालावरून जात नव्हती. परंतु त्या वाटेवरील यजमानाच्या घरात त्या वर्षी काय घडत असावे, याचा सर्वांत विश्वसनीय दाखला मला त्यांच्या त्या वास्तव्यावरील पुस्तकातच सापडला. 1970 च्या सुमारास पालाची जनावरे कम्यूनच्या, म्हणजे सरकारने उभारलेल्या सामूहिक संस्थेच्या, मालकीची झाली, आणि कालपर्यंतचा मालक आपल्याच याकांमागे कामाच्या गुणांवर राबू लागला. 1980 साली चिनी कम्युनिस्ट पक्षाचे नेते हू याओबांग ल्हासाला येऊन गेल्यानंतर करमाफी मिळाली. पुढच्याच वर्षी कम्यून मोडून सारी जनावरे माणशी समान वाटण्यात आली, पाळण्यातल्या बालकाचा वाटाही म्हाताऱ्याइतकाच धरला गेला.

म्हणजे त्या उन्हाळ्यात तिबेटी गृहिणी लाकडी नळकांड्यात विटेचा चहा, मीठ आणि लोणी घुसळीत होती, तेव्हा लोण्यावरची तिची मालकी फार तर पाच-सहा वर्षांची होती. पालासारख्या उंचीवर जव पिकत नाही. म्हणून पाहुण्यापुढे ठेवलेला मूठभर त्साम्पाही, म्हणजे भाजलेल्या जवाचे पीठही, कितीतरी मुक्काम चालून, शेतकऱ्यांच्या गावांतून लोकर, मीठ व जनावरांच्या मोबदल्यात आणलेला. पाहुण्याने घोट घेतला की पेला पुन्हा काठोकाठ भरावयाचा, ही तेथील रीत. तो प्रत्येक घोट घराच्या जमाखर्चात रुजू होत असे, आणि 1988 पर्यंत तर काही घरांचे कळप वाढले होते, तर काही घरे दुसऱ्यांकडे मजुरीला लागली होती.

अशा घरातील बाईला भोळी म्हणणे मला अपमानास्पद वाटते. लोण्याचा गोळा केवढा घालावयाचा हे ती पुरते जाणून होती. आणि तो लहान घालण्याचा अधिकार तिच्या हाती परत आला होता, म्हणूनच मोठा गोळा घालण्याला दातृत्व म्हणता येते. ज्याची चावी दुसऱ्याच्या कनवटीला, त्या कोठारातून झालेल्या वाटपाला शिधावाटप म्हणतात. तेव्हा सायकलस्वारांनी आपल्या वृत्तान्तांत घाटांची उंची खुशाल मीटरांत नोंदवावी. मात्र त्या घाटाखाली ज्या घरी आपण जेवलो, त्या घरी याक किती होते, तेही विचारून लिहीत जावे.