वाट नवी-जुनी करताना

पाऊस ओसरून चार दिवस झाले होते. रविवारी सकाळी आठच्या सुमारास माझी पुतणी सायकल फाटकाला टेकवून तावातावाने घरात आली. बुटांना चिखल, हाताला ओरखडे.

'काका, रस्ता बंद केला त्यांनी. बाभळीच्या काट्या टाकल्यात आडव्या. वीस-बावीस वर्षं लोक जातात तिथून. असा कसा बंद करतील?'

मी तिला चहा दिला आणि विचारले, 'हे वीस वर्षांचं तू तिथे कुणाला बोलली नाहीस ना?'

'बोलले की. म्हणून तर ते जास्त चिडले.'

मला त्या शेतकऱ्याचे चिडणे समजले. उभी हयात बँकेत गेली, त्यातली बरीच वर्षे पीककर्जाच्या टेबलावर. शेताच्या बाबतीत 'वीस वर्षे' हा आकडा सहज उच्चारायचा नसतो, हे त्या टेबलावर कळते.

अशोक स्तंभापासून निघणारा आमचा गंगापूर रोड मी नोकरीला लागलो तेव्हा लवकर संपत असे. आनंदवल्लीच्या पुढे दोन्ही बाजूंना मळे होते, सोमेश्वरला जाणे ही सहल होती आणि धरणावर जायचे तर डबा बांधून न्यावा लागे. आता इमारती गंगापूर गावाला जाऊन भिडल्या आहेत. तरीही गाव ओलांडून गिरणाऱ्याच्या दिशेला लागले, की द्राक्षबागा, टोमॅटो आणि त्यांच्यामधून जाणारे बांध अजून दिसतात. शहरातली सायकलवाली मुले तिकडेच जातात.

नाशिकला सायकलीचे वेड तसे जुनेच, पण त्याला प्रतिष्ठा मिळाली ती २०१५ साली. त्या वर्षी डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र या महाजन बंधूंनी अमेरिकेची पश्चिम ते पूर्व अशी सुमारे ४८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या गटात पुरी केली. दोन वर्षांनी नाशिकमध्येच सराव केलेले लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनी तीच शर्यत एकट्याने पार केली. मग घरोघरी गिअरच्या सायकली आल्या. त्यातल्या काहींना जाड, खरबरीत टायर आणि पुढे शॉक ॲब्सॉर्बर असतात. त्या डांबरासाठी नाहीतच. त्यांना माती हवी, चढ हवा, दगड हवेत. आणि गावाबाहेरची बहुतेक माती कुणाच्या तरी सातबाऱ्यावर असते, हे सायकल विकणारा सांगत नाही.

संध्याकाळी मी पुतणीला घेऊन त्या मळ्यावर गेलो. नानांना, म्हणजे त्या शेतकऱ्याला, मी ओळखत होतो. त्यांच्या वडिलांच्या पीककर्जाची पाहणी करायला याच बांधावरून मी चालत गेलो होतो. नाना तेव्हा कॉलेजात होते. त्यांनी मला ओळखले आणि खाट पुढे ओढली.

'साहेब, पोरीला मी रागावलो, चुकलंच माझं. पण तुम्ही तरी ऐकून घ्या.'

त्यांनी जे सांगितले ते मी बँकेच्या सवयीने मनातल्या मनात मुद्दे पाडून ऐकले.

पहिला मुद्दा बागेचा. ऑक्टोबर छाटणी झाली की बाग नाजूक असते. पाऊस रेंगाळला तर केवडा येतो, भुरी येते, फवारणीवर फवारणी चालते. औषध मारलेल्या बागेच्या कडेने पोरे तोंड उघडे ठेवून दमछाक करीत जातात. माल युरोपात जायचा तर कोणत्या दिवशी कोणते औषध मारले त्याची नोंद ठेवावी लागते, बागेत कोण येते-जाते हेही पाहावे लागते. शिवाय ओल्या बांधावरून दहा सायकली गेल्या की चाकोरी पडते, पुढच्या पावसात पाणी त्या चाकोरीने धावते आणि बांध फुटतो.

दुसरा मुद्दा शेततळ्याचा. त्याला आतून प्लास्टिकचा कागद असतो. माणूस पडला तर पाय ठरत नाही, पोहणाऱ्यालाही वर येणे कठीण. 'एखादं पोर आत गेलं तर त्याची आई रडत माझ्याच दारात येईल, आणि पोलीसही माझ्याच दारात,' नाना म्हणाले. पहाटे बिबट्याची भीती असते ती वेगळीच.

तिसरा मुद्दा सांगताना त्यांचा आवाज खाली आला. त्यांच्या मळ्यामागची जमीन विकली गेली होती. तिथे प्लॉट पडणार आणि प्लॉटला रस्ता लागणार. 'उद्या कोणी कोर्टात म्हणालं की ही सार्वजनिक वाट आहे, बघा सायकलींच्या चाकोऱ्या, शंभर माणसं जातात, तर मी काय करू? आणि तुमची पोर म्हणते, वीस वर्षं.'

काट्या सायकलींसाठी पडल्या नव्हत्या. सायकलींच्या मागून येणाऱ्या डंपरसाठी त्या आधीच टाकून ठेवलेल्या होत्या.

मराठीत 'वहिवाट' हा मोठा अर्थपूर्ण शब्द आहे. पाय पडत राहिले की वाट होते आणि वाट चालत राहिली की हक्क होतो. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात हीच गोष्ट कलमात बांधली आहे. शांतपणे, उघडपणे, खंड न पडता आणि 'हक्क म्हणून' वीस वर्षे वापर झाला, तर एका जमिनीच्या मालकाला दुसऱ्याच्या जमिनीवरून जाण्याचा अधिकार मिळू शकतो. शेतकऱ्याशेतकऱ्यांतले बांधावरच्या रस्त्याचे वाद जमीन महसूल संहितेच्या १४३ व्या कलमाखाली तहसीलदारासमोर जातात. अडवलेली वाट मोकळी करून घेण्यासाठी १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदाही आहे. या वादांत भाऊ भावाशी बोलेनासा झालेला मी पाहिला आहे.

शहरातून आलेल्या सायकलस्वाराला असा हक्क सहजासहजी मिळणार नाही, कारण त्याची शेजारी जमीनच नसते. पण भीती काही वकिलाला विचारून येत नाही. आणि नानांच्या भीतीवरचे औषध त्याच कायद्यात आहे. वापर 'हक्क म्हणून' असेल तरच वीस वर्षे मोजली जातात. परवानगी मागून गेलेला माणूस हक्काने गेलेला नसतो. त्या कायद्याचे ५२ वे कलम परवानगीचे आहे. अशी परवानगी सर्वसाधारणपणे मालकाला केव्हाही मागे घेता येते.

इंग्लंडातल्या जमीनमालकांनी हे केव्हाच ओळखले आहे. तिथेही लोक वीस वर्षे बिनविरोध चालत राहिले तर वाट सार्वजनिक ठरू शकते. म्हणून कित्येक मालक 'ही वाट परवानगीने' अशी पाटी लावतात, आणि काही ठिकाणी वर्षातला एक दिवस फाटक मुद्दाम बंद ठेवतात. वरवर तो कद्रूपणा वाटेल. पण एक दिवस बंद ठेवता येते म्हणूनच ती वाट उरलेले ३६४ दिवस निर्धास्तपणे उघडी राहते.

पुतणीने मला आणखी दूरचे उदाहरण सांगितले. अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यात ईस्ट बर्क नावाचे छोटे गाव आहे. तिथे १९९४ पासून 'किंग्डम ट्रेल्स' ही संस्था डोंगरी सायकलींच्या वाटांचे जाळे सांभाळते. दीडशे किलोमीटरहून अधिक लांबीच्या या वाटा बहुतांशी खासगी जमिनींवरून जातात आणि मालकांची संख्या शंभराच्या आसपास आहे. सायकलस्वार दिवसाचा किंवा वर्षाचा पास घेतो. त्या पैशातून वाटांची डागडुजी होते. जमिनीचे मालक भाडे घेत नाहीत, परवानगी देतात. करमणुकीसाठी जमीन फुकट वापरू देणाऱ्या मालकाला अपघाताच्या दाव्यांपासून बरेच संरक्षण देणारा कायदाही त्या राज्यात आहे.

ही व्यवस्था पंचवीस वर्षे चालली. गावात खाणावळी आल्या, मुक्कामाच्या सोयी आल्या, वर्षाला लाखावर फेऱ्या होऊ लागल्या. आणि डिसेंबर २०१९ मध्ये तीन मालकांनी कळवले की आमच्या जमिनीवरून यापुढे सायकली नकोत. चालणाऱ्यांना त्यांनी मनाई केली नाही, फक्त सायकली बंद. तीनच मालक, पण त्यांच्या जमिनी जाळ्याच्या ऐन मध्यावर होत्या. साऱ्या गावाला हादरा बसला. कोर्टकचेरीचा प्रश्न मात्र नव्हता. परवानगी त्यांची होती, त्यांनी ती परत घेतली.

'म्हणजे परवानगीचा काही भरवसाच नाही,' पुतणी म्हणाली.

मी म्हटले, 'पीककर्जाचा तरी कुठे असतो? ते दरवर्षी नवं-जुनं करावं लागतं.'

आमच्या बँकेतला हा शब्द शेतकऱ्यांनीच रूढ केलेला. जुने कर्ज फेडायचे आणि नवे उचलायचे. वरवर ही कागदोपत्री कसरत दिसते. पण त्या निमित्ताने शेतकरी वर्षातून एकदा शाखेत येतो, साहेब त्याच्याकडे पाहतो, तो साहेबाकडे पाहतो, पिकाची चौकशी होते आणि विश्वास आणखी एका वर्षाने वाढतो. ज्या खात्यात असे कोणी येईनासे झाले, ते खाते पुढे थकलेले मी पाहिले.

मग आम्ही नानांच्या ओट्यावर बसून एक कागद केला. नाना आणि त्यांचे तीन शेजारी, अशा चार शेतांतून जाणारी एकच वाट. समोर पुतणीच्या ओळखीचे पंधरा-सोळा सायकलवाले. प्रत्येकाचे नाव, फोन नंबर आणि सही. वाट हक्काची नसून परवानगीची आहे, हे पहिल्याच ओळीत. ओल्या बांधावर सायकल नाही. सूर्योदयाआधी नाही. शेततळ्याच्या बाजूने नाही, वाट पलीकडच्या बांधाने वळवलेली. आणि बांधाच्या सुरुवातीच्या खांबावर लाल फडके दिसले की त्या दिवशी मुकाट परत फिरायचे. फवारणी आहे की घरात लग्न आहे, कारण विचारायचे नाही.

एक अट मी आग्रहाने घातली. ओहोळावर सिमेंटची फरशी टाकून देऊ, असे मुले उत्साहाने म्हणत होती. मी नको म्हटले. परवानगीच्या भरवशावर एखाद्याने खर्च करून दुसऱ्याच्या जमिनीवर कायमचे बांधकाम केले, तर मग ती परवानगी सहज मागे घेता येत नाही, असा त्याच कायद्याच्या ६० व्या कलमात अपवाद आहे. उपकार करायला जाऊन नानांच्या गळ्यात फास पडायला नको. ओहोळावर दोन फळ्या टाकल्या, उचलता येतील अशा.

पैशांची गोष्ट निघाली तेव्हा नाना गप्प झाले. म्हणाले, 'साहेब, पैसे घेतले की तुम्ही गिऱ्हाईक झालात. मग माझं लाल फडकं तुम्ही मानाल का?' मला या प्रश्नाचे उत्तर आले नाही. ज्याला उत्पन्नच हवे आहे त्याच्यासाठी राज्याचे २०२० चे कृषी पर्यटन धोरण आहे. त्या वाटेने जावे, त्यात गैर काही नाही. इथे मुलांनी वर्गणी काढायची आणि पावसाळ्यानंतर स्वतः येऊन बांधाला माती लावायची, असे ठरले. मुदत ३१ मार्चपर्यंत. बँकवाल्याला दुसरी तारीख कुठून सुचणार?

सगळे सुरळीत झाले असे नाही. जानेवारीत दुसरीकडून आलेल्या कुणी फडके न जुमानता सायकली घातल्या आणि ठिबकची नळी तुडवली. नानांनी तीन आठवडे वाट बंद ठेवली. आमच्या मुलांचा काही दोष नव्हता, पण एकानेही वाद घातला नाही. दोघे जण गुपचूप नवी नळी घेऊन गेले आणि जोडून आले. मागच्या जमिनीवर तोवर प्लॉटचे दगड रोवले गेले होते, तिथे ही वाट आता संपते. तिथून मुलांना आल्या बांधाने परतावे लागते. आणखी दहा वर्षांनी नानांचा मळा तरी मळाच राहील का, हे सांगणे कठीण आहे. आमचा कागद ते ठरवू शकत नाही.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात नानांचा फोन आला. बागेची काढणी आटोपत आली होती.

'साहेब, या रविवारी येताय ना? नवं-जुनं करून टाकू. आणि त्या पोरीला आणा. तिच्यासाठी द्राक्षं काढून ठेवलीत.'

आम्ही गेलो. खांबावर फडके नव्हते.