मनोरुग्णालयाची भिंत आणि घराचा उंबरठा

साखळदंडापासून औषधाच्या गोळीपर्यंत मानसोपचाराने दोनशे वर्षांत मोठा पल्ला गाठला. मात्र बरा झालेला रुग्ण कोठे जाणार, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक देशाने वेगवेगळे दिले. अमृतसर, नायजेरिया, बेल्जियम आणि इटलीतील प्रयोगांचा हा आढावा.

मराठी बोलण्यात काही गावांची नावे पत्ता सांगण्यासाठी कमी आणि टोमणा मारण्यासाठी अधिक वापरली जातात. 'याला ठाण्याला नेऊन दाखवा' किंवा 'आता येरवडाच गाठावा लागणार' हे उद्गार घराघरांत ऐकू येतात. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालये महाराष्ट्राला ब्रिटिश राजवटीकडून वारशाने मिळाली. त्यांच्या उंच भिंतींनी समाजाच्या मनात जी भीती निर्माण केली, ती आजही ओसरलेली नाही. या भिंती का उभ्या राहिल्या आणि जगात इतरत्र त्या कशा ओलांडल्या गेल्या, हे समजून घेतल्याखेरीज आजच्या प्रश्नाचे स्वरूप लक्षात येत नाही.

साखळ्या तुटल्या, भिंत राहिली

मनोरुग्णांवर रुग्णालयात उपचार करण्याची कल्पना मुळात युरोपची नव्हे. मध्ययुगीन अरब जगतातील 'बिमारिस्तान' या रुग्णालयांत त्यांच्यासाठी स्वतंत्र दालने असत. कैरो येथे १२८४ मध्ये उभारलेल्या मन्सुरी रुग्णालयातही तशी सोय होती. युरोपात मात्र अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत अनेक ठिकाणी मनोरुग्णांना साखळदंडांनी जखडून ठेवले जाई.

पॅरिसमध्ये फिलिप पिनेल या डॉक्टरने या साखळ्या तोडल्या, अशी कथा सर्वत्र सांगितली जाते. बिसेत्र येथील रुग्णांच्या साखळ्या १७९७ मध्ये प्रत्यक्ष काढल्या त्या तेथील व्यवस्थापक जाँ-बातिस्त प्यूसाँ यांनी. ते स्वतः पूर्वी त्याच संस्थेत रुग्ण म्हणून दाखल झाले होते आणि पिनेल यांनी आपण त्यांच्याकडून शिकल्याचे मान्य केले होते. याच सुमारास, १७९६ मध्ये, इंग्लंडमधील यॉर्क येथे क्वेकर पंथीयांनी 'रिट्रीट' ही संस्था काढली. मोकळी हवा, हाताला काम आणि सौजन्याची वागणूक ही तेथील उपचारपद्धती होती.

या सुधारणेतूनच एकोणिसाव्या शतकात शहराबाहेर मोठमोठी मनोरुग्णालये उभी राहिली. हेतू विश्रांती देण्याचा होता. परंतु रुग्णसंख्या वाढत गेली, कर्मचारी अपुरे पडले आणि आश्रयस्थानांची कोठारे झाली. आत गेलेला माणूस बाहेर येईनासा झाला.

वसाहतीतील मनोरुग्णालय

हिंदुस्थानात हीच व्यवस्था आली, पण सुधारणेपेक्षा बंदोबस्ताचे साधन म्हणून. १८५८ मध्ये, म्हणजे कारभार कंपनीकडून राणीकडे गेला त्याच वर्षी, मनोरुग्णांविषयी तीन कायदे करण्यात आले. रस्त्यावर भटकणाऱ्या किंवा धोकादायक वाटणाऱ्या व्यक्तीला पोलिसांनी दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे आणि त्याच्या हुकमाने तिची रवानगी व्हावी, अशी ही पद्धत होती. मनोरुग्णालयांवरील देखरेख तुरुंग खात्याकडे असे. ती वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे आली १९०५ मध्ये. येरवडा म्हणताच एकाला तुरुंग आणि दुसऱ्याला मनोरुग्णालय आठवते. त्या काळच्या सरकारच्या लेखी या दोहोंत फारसे अंतर नव्हते.

१९१२ मध्ये 'इंडियन लुनसी अ‍ॅक्ट' आला आणि तो स्वातंत्र्यानंतरही चार दशके चालला. १९२०च्या सुमारास 'ल्युनॅटिक असायलम' या नावाऐवजी 'मेंटल हॉस्पिटल' हे नाव रूढ झाले. रांचीच्या युरोपीय मनोरुग्णालयाचे अधीक्षक ओवेन बर्कली-हिल यांनी त्यासाठी आग्रह धरला होता. पाटी बदलली, पण स्थिती फारशी पालटली नाही. १९४६च्या भोर समितीच्या अहवालानुसार देशात मनोरुग्णांसाठी सुमारे दहा हजार खाटा होत्या. इंग्लंडमध्ये ३०० लोकांमागे एक खाट, तर हिंदुस्थानात ४०,००० लोकांमागे एक, अशी तुलना समितीने मांडली.

भिंतीबाहेरची वाट देशी डॉक्टरांनीच प्रथम शोधली. कोलकात्यात १९२२ मध्ये मनोविश्लेषण संस्था स्थापन करणारे गिरींद्रशेखर बोस यांच्या प्रयत्नांतून १९३३ मध्ये तेथील सर्वसाधारण रुग्णालयात मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग सुरू झाला. १९३८ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. के. के. मसानी यांनी तसाच विभाग काढला. पोटदुखीच्या रुग्णासारखाच मनाचा रुग्णही केसपेपर काढून रांगेत बसू शकतो, ही कल्पना त्या काळी नवी होती.

सर्पगंधा ते क्लोरप्रोमॅझिन

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उपचारांच्या नावाखाली अनेक धाडसी प्रयोग झाले. लिस्बनमध्ये १९३५ मध्ये मेंदूच्या पुढच्या भागातील मज्जातंतू छेदण्याची शस्त्रक्रिया सुरू झाली. एगाश मोनिश यांना तिच्यासाठी १९४९ मध्ये नोबेल पारितोषिकही मिळाले. पुढे तिच्या घातक परिणामांमुळे ती मागे पडली. १९३८ मध्ये रोममध्ये आलेला विजेच्या झटक्यांचा उपचार मात्र टिकला. तीव्र नैराश्यावर तो आजही भूल देऊन वापरला जातो.

खरी क्रांती औषधांनी केली. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी उन्मादावर लिथियमचा गुण दाखवून दिला आणि १९५२ मध्ये पॅरिसमध्ये क्लोरप्रोमॅझिनचा वापर सुरू झाला. या इतिहासात भारताचाही वाटा आहे. सर्पगंधा ही वनस्पती वैद्य फार पूर्वीपासून वापरत होते. कोलकात्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये वेड आणि रक्तदाब या दोन्हींवर तिचा गुण येत असल्याचे लेखाद्वारे मांडले. तिच्यातील रेसरपिन हे द्रव्य १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये वेगळे करण्यात आले आणि १९५४ मध्ये न्यूयॉर्कचे नेथन क्लाइन यांनी त्याच्या मानसोपचारातील वापराचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. अधिक गुणकारी औषधे आल्यावर या क्षेत्रातील त्याचा वापर थांबला.

औषधांमुळे भ्रम आणि भास आटोक्यात येऊ लागले. परिणामी एक नवाच प्रश्न पुढे आला. रुग्ण बरा झाला तर त्याने जायचे कोठे?

अमृतसरचे तंबू, आरोची खेडी

या प्रश्नाचे एक उत्तर पंजाबात सापडले. १९५०च्या दशकात अमृतसर मनोरुग्णालयाचे अधीक्षक डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना रुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकून राहू दिले. नातेवाईक रुग्णाची शुश्रूषा करीत आणि आजाराची माहिती घेत. रुग्ण सुधारत असल्याचे ते डोळ्यांनी पाहत असल्याने त्याला घरी नेण्याची त्यांची भीती कमी होई. तमिळनाडूतील वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या मानसिक आरोग्य केंद्रानेही कुटुंबाला रुग्णासोबत ठेवून घेण्याची पद्धत अवलंबली.

याच दशकात नायजेरियात अ‍ॅबेओकुटा येथे डॉ. थॉमस अडेओये लाम्बो यांनी तशीच योजना आखली. आरो रुग्णालयाच्या आसपासच्या खेड्यांत रुग्ण एखाद्या नातेवाइकासह भाड्याने राहत आणि दिवसा उपचारांसाठी रुग्णालयात येत. लाम्बो यांनी पारंपरिक वैदूंनाही आपल्या कामात सामावून घेतले. बेल्जियममधील खेल या गावात तर याहून जुनी परंपरा आहे. संत डिम्फ्ना यांच्या स्थानाला येणाऱ्या रुग्णांना गावकरी मध्ययुगापासून आपल्या घरी ठेवून घेत. विसाव्या शतकात एके काळी तेथील घरांमध्ये तीन हजारांहून अधिक रुग्ण राहत होते.

कुटुंबाच्या या भूमिकेला संशोधनाचा आधारही मिळाला. जागतिक आरोग्य संघटनेने १९६०च्या दशकाच्या अखेरीस नऊ देशांत स्किझोफ्रेनियाचा तुलनात्मक अभ्यास हाती घेतला. त्यात लंडन, वॉशिंग्टन, मॉस्को यांच्याबरोबर आग्रा आणि नायजेरियातील इबादान ही केंद्रे होती. आजाराची मुख्य लक्षणे सर्वत्र सारखीच आढळली. मात्र पुढील काही वर्षांत आग्रा आणि इबादान येथील रुग्णांची प्रगती श्रीमंत देशांतील रुग्णांपेक्षा चांगली दिसली. एकत्र कुटुंब आणि झेपेल तेवढे काम मिळण्याची शक्यता ही कारणे त्यामागे असावीत, असे मानले गेले. नंतरच्या अभ्यासकांनी या निष्कर्षाला आव्हान दिले. गरीब देशांत उपचारांविना राहणारे आणि अकाली मरणारे रुग्ण अशा तुलनेत नीट धरले जात नाहीत, हा त्यांचा आक्षेप आहे. कुटुंबावर भिस्त ठेवताना त्या कुटुंबाला कोणाचा आधार आहे, हेही पाहावे लागते.

निळा घोडा आणि रिकामी झालेली रुग्णालये

पाश्चात्त्य देशांनी दुसरी वाट धरली. इटलीत फ्रांको बसालिया हे १९७१ मध्ये त्रिएस्ते येथील मनोरुग्णालयाचे संचालक झाले. तेव्हा तेथे सुमारे १,२०० रुग्ण होते. १९७३ मध्ये रुग्ण आणि कलावंतांनी मिळून 'मार्को कावाल्लो' नावाचा भव्य निळा घोडा तयार केला. तो दारातून बाहेर निघेना, तेव्हा बांधकामाचा काही भाग तोडून त्याची शहरात मिरवणूक काढण्यात आली. १९७८ मध्ये इटलीने कायदा करून नव्या मनोरुग्णालयांना बंदी घातली. त्रिएस्तेत त्याआधीच वस्त्यांमध्ये चोवीस तास चालणारी केंद्रे आणि रुग्णांच्या सहकारी संस्था उभ्या राहू लागल्या होत्या.

अमेरिकेतही भिंती पडल्या, पण पुढची तयारी अपुरी राहिली. १९५५ मध्ये तेथील सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांहून अधिक रुग्ण होते. अध्यक्ष केनेडी यांनी १९६३ मध्ये वस्तीपातळीवरील केंद्रांसाठी कायदा केला. रुग्णालये वेगाने रिकामी झाली. ठरलेली सर्व केंद्रे मात्र कधीच उभी राहिली नाहीत. अनेक रुग्ण फूटपाथवर आले आणि कित्येक तुरुंगात गेले.

कायदा झाला, आता पुढे?

भारतात १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. कर्नाटकातील बळ्ळारी जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांमार्फत उपचार देण्याचा प्रयोग झाला आणि १९९६ पासून तो जिल्हा कार्यक्रम म्हणून देशात नेण्यात आला. तरीही ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रयस्थानाला आग लागून २८ मनोरुग्ण मृत्युमुखी पडले. साखळ्यांनी बांधलेले असल्याने त्यांना पळता आले नाही. पॅरिसमधील साखळ्या निघून तेव्हा दोनशे वर्षे उलटून गेली होती.

२०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने साखळीने बांधणे गुन्हा ठरवले. भूल न देता विजेचे झटके देण्यास मनाई केली. शिवाय समाजात राहण्याचा रुग्णाचा हक्क मान्य केला. केवळ कुटुंब नाकारते किंवा घर नाही, म्हणून कोणालाही मनोरुग्णालयात ठेवता येणार नाही, असे हा कायदा सांगतो. अशांसाठी निवारागृहे उभारण्याची जबाबदारी सरकारवर आहे.

खरा अडसर येथेच आहे. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बहुतेक मानसिक आजारांत ७० टक्क्यांहून अधिक रुग्ण उपचारांपासून वंचित असल्याचे आढळले. दुसरीकडे, बरे होऊनही मनोरुग्णालयांतच राहणारे आहेत. कोणाचा पत्ता हरवलेला असतो, कोणाच्या वाट्याची जमीन भावांनी आपापसांत वाटून घेतलेली असते, कोणाच्या नवऱ्याने दुसरा संसार थाटलेला असतो. कर्जत येथील श्रद्धा पुनर्वसन केंद्राने रस्त्यावरील हजारो मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना देशभरातील घरी पोहोचवले. या कामासाठी डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. वर्षानुवर्षे बेपत्ता असलेल्या माणसाला अनेक कुटुंबे आनंदाने स्वीकारतात, हे या कामातून दिसले आहे.

ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. सल्ला आता घरबसल्या मिळू शकतो. गावातील आरोग्य केंद्रात नियमित औषध, शहरात निवारागृह, हाताला काम आणि थकलेल्या नातेवाइकाला आधार या गोष्टी मात्र फोनवरून मिळणाऱ्या नाहीत. त्या उभ्या राहिल्या, तर महाराष्ट्राला त्रिएस्तेची वाट धरता येईल. न राहिल्या, तर मनोरुग्णालयाचा दरवाजा उघडूनही बाहेर पडणाऱ्याला फूटपाथच मिळेल.