बेटावर भरलेला वर्ग

२००६ च्या शरद ऋतूत हार्वर्ड लॉ स्कूलमध्ये चार्ल्स नेसन आणि त्यांची कन्या रिबेका यांनी एक अभ्यासक्रम चालवला. लोकमताच्या न्यायालयात बाजू कशी मांडायची, हा विषय. कायद्याचे नियमित विद्यार्थी वर्गात बसत. विस्तार शाखेतले, दूरवरून शिकणारे विद्यार्थी मात्र 'सेकंड लाइफ' या आभासी जगातल्या बर्कमन बेटावर जमत. तिथे लॉ स्कूलच्याच ऑस्टिन हॉलची प्रतिकृती उभी केली होती.

सेकंड लाइफ सॅन फ्रान्सिस्कोच्या लिंडन लॅबने २००३ मध्ये सुरू केले. तिथे शिरणाऱ्याला एक देह मिळतो आणि त्याला 'अवतार' म्हणतात. आपलाच शब्द, इंग्रजीची वारी करून आलेला. २००६ मध्ये तिथे अजून आवाजाची सोय नव्हती, ती २००७ मध्ये आली. सगळे बोलणे टाइप करून. पण कोणी टाइप करू लागला की त्याच्या अवताराचे हात हवेतल्या न दिसणाऱ्या कळफलकावर चालू लागत. कोणाला तरी काही सांगायचे आहे, हे शब्द उमटण्याआधीच वर्गाला कळे. बराच वेळ कळफलकाला हात लागला नाही, की अवताराची मान आपोआप खाली पडे. मला या जगातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच वाटते. दूरशिक्षणात विद्यार्थी कधी गळाला हे शिक्षकाला बहुधा परीक्षेच्या वेळी समजते. इथे ते त्याच तासाला दिसत होते.

आपल्याकडच्या दूरशिक्षणाचीही अडचण अशीच आहे. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून 'ज्ञानगंगा घरोघरी' नेते आहे. पुस्तके घरी पोचतात. शंका विचारायला शेजारी कोणी नसते, म्हणून अभ्यासकेंद्रांवर संपर्क सत्रे होतात. ज्याची कामाची पाळी नेमकी त्याच वेळी असते किंवा जिचे गाव लांब आहे, त्यांचे ते सत्र बुडते.

ही उणीव भरून काढू शकेल असे आभासी जग हाती आल्यावर अनेक विद्यापीठांनी तिथे बाके, फळा आणि सरकचित्रांचा पडदा मांडला. हे मला पटत नाही. व्याख्यानच ऐकायचे तर ध्वनिफीत पुरते. त्या जगाचा खरा उपयोग हार्वर्डच्याच ख्रिस डीड यांच्या गटाने 'रिव्हर सिटी'त करून दाखवला. हे एकोणिसाव्या शतकातले एक काल्पनिक गाव, आणि गावात आजारपण पसरलेले. शाळकरी मुले गटागटाने गावात फिरत, माणसांशी बोलत, रुग्णालयाच्या नोंदी चाळत, पाण्याचे नमुने तपासत, डास मोजत. एक आजार पाण्यातून, एक डासांतून, एक माणसाकडून माणसाला. तिन्हींची लक्षणे एकमेकांत मिसळलेली. मग गट आपला तर्क ठरवी, गावातली एकच गोष्ट बदलून तो पडताळून पाही आणि शेवटी महापौरांना पत्र लिही. साथीची कारणे शोधणे हे कोणत्याच शाळेला खऱ्या गावात करता येणारे नाही. शिवाय या कामासाठी मुलांना एका खोलीत बसावे लागत नाही. दहा गावांतली दहा मुलेही त्या नदीकाठी भेटू शकतील.

जमिनीचा प्रश्न मात्र आभासी जगातही सुटलेला नाही. सेकंड लाइफमधला एक प्रदेश २५६ मीटर लांब, तितकाच रुंद, आणि त्याचे दरमहा भाडे भरावे लागते. शिक्षणसंस्थांना निम्म्या दराची सवलत होती. ती जानेवारी २०११ पासून बंद होणार, असे कंपनीने २०१० मध्ये जाहीर केले. अनेकांनी बेटे सोडली. काहीजण 'ओपनसिम्युलेटर'कडे वळले. हे २००७ पासूनचे मुक्त सॉफ्टवेअर, आपल्याच सर्व्हरवर चालवता येणारे. सवलत २०१३ मध्ये परतली, पण मोडलेले वर्ग परत भरणे सोपे नसते. दुसऱ्याच्या मालकीच्या भूमीवर शाळा बांधणाऱ्याने हे आधीच धरून चालावे.

दुसरा प्रश्न साधनांचा. जपानचे 'एन हायस्कूल' हे दूरशिक्षणाचे विद्यालय २०१६ मध्ये सुरू झाले. मुख्यालय ओकिनावातल्या इकेई बेटावर, विद्यार्थी देशभर. २०२१ पासून तिथे डोक्यावर चढवायच्या व्हीआर संचातून धडे मिळू लागले. आपल्या विद्यार्थ्याकडे बहुतेक वेळा फक्त मोबाइल असतो, तोही घरात वाटून घेतलेला. पण बर्कमन बेटावरचा वर्ग साध्या टाइप केलेल्या शब्दांवर चालला होता. आपल्याकडच्या एखाद्या अभ्यासकेंद्राला सुरुवात करायची असेल, तर तेवढ्यावर करता येईल: हलके, मोबाइलवर उघडणारे एखादे आभासी अंगण, आणि सत्राच्या १५ मिनिटे आधीपासून दार उघडे, म्हणजे लवकर आलेल्यांना एकमेकांची नावे विचारता येतील.